ठरलेला उशीर

“मग चुकतंय कुठे, सर?”

चारुलता खोतने हे तिसऱ्यांदा विचारलं.

मुजावर सर एका जुन्या कॉम्प्युटरच्या पंख्यातली धूळ ब्रशने काढत होते. त्यांनी मान वर केली नाही.

“वेग किती आला म्हणालीस?”

“दोनशे तीस. सेकंदाला दोनशे तीस चित्रं. आधीच्या विंडोजच्या मशीनवर साठ यायची.”

“छान.”

“नुसतं छान काय, सर? तीन दिवसांत साठाची दोनशे तीस केली मी. तीही तुमच्या या जुनाट डब्यावर.”

“आणि राजाक्का?”

चारूने नजर पडद्याकडे वळवली.

राजाक्का चौगुले पंधरा वर्षं एका खानावळीत भाकऱ्या थापत होत्या. गेल्या पावसाळ्यात त्यांना अर्धांगाचा झटका आला आणि उजवा हात लुळा पडला. सात महिने तो हात मांडीवर पडून होता, दुसऱ्या कुणाचा असावा तसा.

मग पुनर्वसन केंद्रात त्यांना एक गेम मिळाला.

गेम साधा होता. गाणं लागे. पडद्यावर वरून रंगीत गोल खाली येत. गोल रेघेला टेकला की समोरच्या पाटीवरची बशीएवढी कळ दाबायची. ठोका गाण्याच्या तालात पडला तर ‘बरोबर’, नाहीतर ‘चुकलं’. एका गाण्यात शंभर ठोके.

पहिल्या आठवड्यात राजाक्कांचे नऊ बरोबर आले. तिसऱ्या महिन्यात सत्तरच्या पुढे गेले. त्या हाताने त्यांनी एकदा चहाचा कपही उचलला होता.

आणि केंद्रातला तो कॉम्प्युटर जळाला.

मुजावर सर तंत्रनिकेतनातून निवृत्त झाल्यापासून लोकांनी टाकून दिलेले कॉम्प्युटर दुरुस्त करत, त्यांवर विंडोजऐवजी लिनक्स ही मोफत मिळणारी प्रणाली घालत आणि शाळांना, केंद्रांना देत. त्यांनी केंद्रालाही एक दिला. पण गेम विंडोजसाठी बनवलेला होता. तो बनवणारी मंडळी कधीच काम बंद करून गेली होती. लिनक्सवर चालवायचा तर मध्ये एक दुभाषी प्रोग्रॅम लागे. गेम बोलेल ते विंडोजच्या भाषेत ऐकायचं आणि लिनक्सला त्याच्या भाषेत सांगायचं.

चारू सरांची जुनी विद्यार्थिनी. पुण्यात गेम बनवणाऱ्या कंपनीत ती हेच काम करायची. आठ दिवसांच्या रजेवर गावी आली होती. सरांनी तिला बोलावलं नव्हतं. तिनेच ऐकलं आणि म्हणाली, “दोन तासांचं काम आहे, सर.”

आज चौथा दिवस होता.

“राजाक्कांचं काय झालं?” सरांनी पुन्हा विचारलं.

“काल एकतीस आले.”

“शंभरात?”

“हो. पण त्यांचा हात...” चारू थांबली. “सर, आजारी माणसाचा हात आहे. रोज सारखा कसा चालेल?”

सरांनी ब्रश खाली ठेवला.

“तू खेळून बघ.”

“मी?”

“तुझा हात तर बरा आहे ना?”

चारू बसली. सरांच्या टेबलावर केंद्रातल्यासारखंच दुसरं मशीन होतं, तशीच पाटी होती. गाणं लागलं. चारू कॉलेजात असताना असल्या खेळांच्या स्पर्धा जिंकलेली. ती खांदे सैल सोडून खेळली.

गाणं संपलं. पडद्यावर आकडा आला.

एकसष्ट.

“पाटी खराब आहे,” चारू म्हणाली.

“बरं.”

“खरंच, सर. कळ नीट दाबली जात नाही.”

“राजाक्काही असंच म्हणाल्या काल. फक्त त्या पाटीला खराब म्हणाल्या नाहीत.”

...

“कशाला म्हणाल्या?”

पंख्याचं पातं त्यांनी बोटाने फिरवलं आणि ते फिरायचं थांबेपर्यंत बघत राहिले.

चारू केंद्रात गेली. राजाक्का बाहेरच्या बाकावर बसल्या होत्या, पिशवी भरून.

“घरी निघालात? आज खेळायचं नाही?”

“न्हाई गं पोरी. उद्यापासनं येत न्हाई आता.”

“का?”

राजाक्कांनी डाव्या हाताने उजवा हात उचलला आणि पिशवीवर ठेवला.

“हा परत गेला बघ. मधी आला हुता जरा. मला वाटायचं, ठोका पडला गाण्यावर, बरोबर पडला. आन मशीन म्हणायचं चुकलं. पयल्यांदा वाटलं, मशीनच खोटं. पर मशीन कशाला खोटं बोलंल? माझंच डोकं फिरलंय. हात बी गेला आन ताल बी गेला.”

“असं नसतं, राजाक्का.”

“मग कसं असतं?”

रिक्षा आली. राजाक्का डाव्या हाताने दांडा धरून चढल्या. उजवा हात मागे राहिला, तो त्यांनी पदराने ओढून घेतला.

चारू सरांकडे परतली तेव्हा तिचा चेहरा उतरला होता. पण ओठ घट्ट मिटलेले होते.

“सर, अजून वेग वाढवते. तीनशेपर्यंत जाईल. गोलांच्या मागची चमक काढली, सावल्या काढल्या, आता मागचं चित्रही काढून टाकते. आवाजाचा साठा तर मी अगदी तळाला नेलाय. आवाज वाजवण्याआधी कॉम्प्युटर थोडा साठवून ठेवतो, तो जितका कमी तितका उशीर कमी. आता उशीर सरासरी वीस मिलिसेकंद आहे, सर. वीस! माणसाला कळतसुद्धा नाही.”

“सावकाश कर.”

“काय?”

“वेग कमी कर. उशीर वाढव.”

चारू हसली. मग तिला दिसलं की सर हसत नाहीत.

“सर, गेम तालाचा आहे. उशीर वाढवून ताल कसा जमेल? मी पुण्यात हेच काम करते.”

“माहीत आहे मला.”

“मग असं उलटं का सांगता?”

सरांनी चप्पल पायात घातली.

“चल.”

सरांच्या घरामागून पायवाट नदीवर जाई. कृष्णा तिथे रुंद आहे. दुपार कलली होती. पलीकडच्या काठावर एक बाई वाकळा धूत होती. धोपटणं डोक्यावर उचलून ती वाकळेवर हाणत होती. एक, मग एक, मग एक. तिला कसली घाई नव्हती.

“तिच्याबरोबर टाळी दे,” सर म्हणाले. “तिचा आवाज आणि तुझी टाळी एकदम पडली पाहिजे.”

चारूने धोपटण्याकडे बघितलं. ते वाकळेवर आदळलं, तिने टाळी दिली. आवाज मागून आला.

पुन्हा दिली. पुन्हा आवाज मागून आला.

“एवढी रुंद नदी मध्ये आहे, सर. आवाज उशिरा पोहोचतो. अर्धा सेकंद तरी असेल.”

“टाळी दे.”

चारू चिडली. तिने डोळे मिटले. नुसतं ऐकलं. दोन ठोके जाऊ दिले. तिसरा जाऊ दिला.

चौथ्याला टाळी आवाजावर पडली. पाचव्याला पडली. सहाव्याला. मग तिने डोळे उघडले. आवाज येत होता तेव्हा बाईचं धोपटणं हवेत वर होतं. तरी टाळी चुकली नाही.

“अर्धा सेकंद उशीर,” सर म्हणाले.

“हो.”

“आता माझ्याबरोबर दे.”

सर तिच्या शेजारी पायरीवर टेकले, गुडघ्याला गुडघा लागेल एवढे जवळ. आणि मांडीवर थाप मारू लागले.

एक. एक... एक. एकएक. ... एक.

चारूने टाळी दिली. चुकली. पुन्हा दिली. चुकली. थाप पडून गेल्यावर तिचा हात उठे, किंवा थाप पडायच्या आधीच टाळी वाजून जाई.

“सर, नीट मारा ना!”

“मी तर जवळ बसलोय. उशीर काहीच नाही.”

एकएक. ... ... एक.

चारूचे हात हवेत थांबले.

पलीकडे धोपटणं उठत होतं, पडत होतं. चारू कितीतरी वेळ तिकडे बघत राहिली. सरांनी थाप मारायची थांबवली होती, तेही तिच्या लक्षात आलं नाही.

मग ती उठली आणि काही न बोलता पायवाटेने चालू लागली. थोडं गेल्यावर ती पळायलाच लागली.

त्या संध्याकाळी तिने वेग वाढवला नाही. तिने स्पीकरपाशी माईक ठेवला आणि मोजलं. सरासरी नाही, एकेक ठोका. गोल रेघेला टेकल्यापासून आवाज कानाशी पोहोचेपर्यंत किती वेळ.

नऊ मिलिसेकंद. अकरा. आठ. अडुसष्ट. दहा. नऊ. आठ. दहा. नऊ. दहा. एक्याऐंशी. नऊ.

ती त्या ओळीकडे बघत राहिली. सरासरी खरंच वीसच्या आसपास होती. आणि वीस हा आकडा त्या ओळीत एकदाही नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळपासून तिने तीन दिवसांचं काम उलटं फिरवायला घेतलं.

आवाजाचा साठा तिने आठपट केला. कॉम्प्युटर पुरेसा आवाज जवळ बाळगू लागला आणि मध्येच उपाशी पडेना. चित्रांना तिने साठावर बांधून टाकलं. सेकंदाला साठ, एकही जास्त नाही. प्रोसेसर काम पडलं की धावे आणि काम नसलं की डुलकी घेई, त्याला एकाच चालीवर ठेवलं. लिनक्सला बजावलं की गेमचा आवाज चालू असताना बाकीच्या कामांनी वाट बघायची.

पहिल्या प्रयत्नात आवाज बंदच पडला. दुसऱ्यात गेम उघडेना. दुभाषी प्रोग्रॅमची एक आवृत्ती काढून तिने दुसरी घातली, तिसरी घातली. सहाव्या प्रयत्नाला गाणं लागलं, पण गोल दिसेनात.

सर मधून मधून चहा आणून ठेवत. कीबोर्डला त्यांनी हात लावला नाही. विद्यार्थ्याच्या कीबोर्डला ते कधीच हात लावत नसत.

दुपारी तीनला तिने पुन्हा मोजलं.

नव्वद. नव्वद. एक्याण्णव. नव्वद. एकोणनव्वद. नव्वद.

“सर!”

सर आले. त्यांनी ओळ वाचली. बोट खाली सरकवत गेले आणि एका जागी थांबले.

“हा?”

एकशे चाळीस.

चारूने खाली बघितलं. चौदा सेकंदांनी पुन्हा तसाच एक. आणखी चौदा सेकंदांनी आणखी एक.

“दर चौदा सेकंदांनी काहीतरी आडवं येतंय,” ती म्हणाली. “शोधते.”

तिने शोधलं. अपडेट बंद केले. वायफाय काढलं. घड्याळाचा प्रोग्रॅमही बंद केला. चौदा सेकंदांचा धक्का गेला नाही. तिने दुभाषी प्रोग्रॅमला दोष दिला, मग सरांच्या जुन्या डिस्कला.

डिस्कवर चौदा सेकंदांनी कोण लिहितंय ते तिने शेवटी तपासलं.

आणि खुर्चीत मागे टेकली...

“कोण सापडलं?” सरांनी विचारलं.

“मी.”

पडद्याच्या कोपऱ्यात वेगाचा आकडा दाखवणारा प्रोग्रॅम तिनेच पहिल्या दिवशी घातला होता. दोनशे तीस त्यानेच दाखवले होते. तो प्रत्येक चित्राची नोंद ठेवी आणि नोंदींचं ओझं झालं की सगळं एकदम डिस्कवर ओती. तेवढा वेळ गेम श्वास रोखून उभा राही.

“तो ठेवायचा का?” सरांनी विचारलं. “वेग किती आहे ते मग कळणार नाही.”

चारूने तो काढून टाकला.

मग गेमच्या आतल्या एका रकान्यात तिने नव्वद हा आकडा भरला. आवाज इतक्या उशिराने पोहोचतो, तेवढं गृहीत धरून ठोका तपास, एवढंच गेमला सांगायचं होतं. तो रकाना पहिल्या दिवसापासून तिथे होता. पण उशीर दर ठोक्याला बदलत होता, तोवर त्यात ती काय भरणार होती?

ती पाटीपुढे बसली आणि खेळली.

सत्त्याण्णव.

पाटीला ती काही बोलली नाही. उठली आणि राजाक्कांचा पत्ता विचारायला केंद्रात गेली.

राजाक्का दारात बसल्या होत्या. चारूला बघून त्यांनी तोंड फिरवलं.

“आता कशाला आलीस?”

“तुम्हाला न्यायला.”

“माझ्या हाताशी खेळू नगंस, पोरी. येकदा आशा लागली, ती बास झाली.”

चारू त्यांच्यासमोर जमिनीवर बसली. काय बोलायचं ते तिने रिक्षात ठरवलं होतं. ते सगळं ती विसरली.

“राजाक्का, तुमचा ठोका बरोबर पडत होता. मशीन खोटं बोलत होतं.”

“मशीन कशाला...”

“मी बोलायला लावलं. मुद्दाम नाही. मला वाटलं मी ते सुधारतेय. तुम्ही बरोबर होतात आणि मी तुम्हाला रोज चूक ठरवत होते.”

राजाक्कांनी तिच्याकडे बघितलं.

“रोज?”

“रोज.”

“आन मी रातभर हाताला शिव्या घातल्या गं.”

चारूचे डोळे भरून आले. तिने ते पुसले नाहीत.

“मला घाला,” ती म्हणाली. “पण एकदा चला.”

केंद्रातल्या मशीनवर चारूने सगळं तसंच बसवलं होतं. राजाक्का पाटीपुढे बसल्या. डाव्या हाताने उजवा हात उचलून त्यांनी कळेवर ठेवला. गाणं लागलं.

पहिला गोल आला, गेला. हात हललाच नाही.

दुसराही गेला.

तिसऱ्याला बोटं दबली. बरोबर.

चौथा. बरोबर.

चारू त्यांच्या मागे उभी होती. ती पडद्याकडे बघत नव्हती. राजाक्कांच्या मानेकडे बघत होती. मान हळूहळू गाण्यावर डोलू लागली होती.

गाण्याच्या मध्यावर एक ठोका निसटला. पडद्यावर ‘चुकलं’ उमटायच्या आधीच राजाक्का म्हणाल्या, “गेला!”

मग ‘चुकलं’ उमटलं.

राजाक्का मोठ्याने हसल्या. आजूबाजूच्या दोघी-तिघींनी वळून बघितलं.

“ह्यो माझा!” त्या म्हणाल्या. “ह्यो माझाच गेला!”

गाणं संपलं. चौऱ्याहत्तर.

“परत लाव,” राजाक्का म्हणाल्या.

सोमवारी चारूची रजा संपत होती. निघण्याआधी ती सरांच्या पाया पडायला आली. सर दुसऱ्या कुठल्याशा शाळेसाठी मशीन जोडत होते.

“सर, राजाक्का त्या दिवशी चार गाणी खेळल्या. सगळी सत्तरच्या पुढे. सर्वांत चांगल्यात चौऱ्याहत्तर आले, बाकी सव्वीस चुकले.”

“हं.”

“मी आणखी एक पाहिलंय.” चारू पुढे सरकली. तिचा आवाज पुन्हा पहिल्यासारखा भरधाव झाला होता. “ठोका किती अलीकडे-पलीकडे पडला तर बरोबर धरायचा, तो आकडाही फाईलमध्ये सापडला. थोडीशी ढील दिली ना, तर त्या सव्वीसमधले वीस तरी बरोबर होतील. कदाचित जास्तच. राजाक्कांना शंभराच्या जवळचा आकडा दिसेल, सर. किती खूश होतील! बसपर्यंत अजून तासभर आहे. केंद्रात जाऊन पाच मिनिटांत करून येते.”

सर स्क्रू पिळत होते. तो घट्ट बसेपर्यंत त्यांनी पिळला.

“त्या सव्वीस चुका कुणाच्या?”

“राजाक्कांच्या.”

“नक्की?”

“नक्की, सर. आता मशीनची एकही नाही. सगळ्या त्यांच्याच आहेत.”

...

“मग त्यांना विचारल्याशिवाय काढून घेऊ नकोस.”